वाक्याची शिदोरी

आमच्या गल्लीत सप्रे नानांना वेळ कोणी विचारत नाही.

विचारलीच, तर नाना हातातली पिशवी खाली ठेवतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि सांगतात, "आज मंगळवार आहे. माझ्या मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं चालतं आणि ते आत्ता आठ वाजून बारा मिनिटं दाखवतंय. मतलब बनारसमध्ये आत्ता सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झालेत." हे सगळं होईपर्यंत अकरावं मिनिट लागलेलं असतं. मग नाना तेही प्रामाणिकपणे दुरुस्त करायला घेतात. विचारणारा तोवर घाटाच्या पायऱ्या उतरून गेलेला असतो.

भाजीवाल्याशी तर त्यांचं रोजचं आहे. "भइया, ये जो लौकी आपके दाहिने तरफ टोकरी में सबसे ऊपर रखी है, जिसका डंठल हरा है, वो मुझे, मतलब दिनकर सप्रे को, आधी चाहिए." भाजीवाला हात जोडून घेणार की नाही एवढंच विचारतो, "बाबूजी, लेबा कि नाहीं?" नाना त्यावर चिडत नाहीत. "तुमचा प्रश्न अधुरा आहे," एवढंच मराठीत म्हणतात आणि भोपळा घेऊन निघतात.

नानांचं वय अठ्ठ्याहत्तर. बालाजी घाटाच्या वर, आमच्या धर्मशाळेच्या बरोबर समोर, दोन खोल्यांत एकटे राहतात. लग्न राहून गेलं. नोकरी सगळी स्टेशनवर, चौकशीच्या खिडकीत. नाना तिला 'पूछताछ' म्हणतात, बनारसच्या मराठीत ती पूछताछच. तीस-बत्तीस वर्षं त्या जाळीमागे बसून त्यांनी जगाला गाड्या सांगितल्या. रिटायर झाल्यावर जाळी गेली, सांगणं राहिलं. आणि इतकी वर्षं एका स्टुलावर बसल्याचा सूड म्हणून की काय, आता ते बसतच नाहीत. आमच्याकडे आले की खुर्ची पुढं करावी, तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतील, खिडकीपाशी जातील, परत येतील, चहा उभ्यानेच घेतील आणि दोन घोटांमध्ये एकदा जिन्यापर्यंत जाऊन येतील. बघणाऱ्याला दम लागतो.

पूर्ण बोलण्यामागे त्यांचा एक सिद्धांत आहे. तो मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन.

"खिडकीसमोरचा माणूस एकदाच विचारतो, मृणाल. तू त्याला म्हणालीस, पाच नंबर. तो बेचारा पाच नंबरवर पोहोचला. तिथं एक गाडी उभी, दुसरी यायची. आता यातली त्याची कोणती? तू तर खिडकीत बसलीस, तो कोणाला विचारणार? म्हणून वाक्याला शिदोरी बांधून द्यायची. कोणती गाडी, कुठली, किती वाजता, कोणत्या फलाटावर. वाक्य एकटं निघालं तरी वाटेत उपाशी मरता कामा नये."

'शिदोरी' हा त्यांचा हुकमी शब्द. माझी मुलगी घरात मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, पण नाना जिन्यात दिसले की तीसुद्धा म्हणते, "मम्मी, शिदोरीवाले नाना आये हैं."

या माणसाला मीच, नकळत, माझ्या कामात ओढलं. याबद्दल मला आजही कधी कधी स्वतःची कीव येते.

झालं असं. समोरची धर्मशाळा महाराष्ट्रातून येणाऱ्यांची. तिथं पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुक्कामाच्या वह्या आहेत. कोण आलं, कुठून आलं, कशासाठी आलं, कधी गेलं. अजूनही वाई-साताऱ्याकडून फोन येतात, 'आमचे आजोबा काशीला आले होते, नोंद सापडेल का?' धर्मशाळेचे सेक्रेटरी बर्वे काका वह्या उलटून उलटून वैतागले. शेवटी ट्रस्टने कॉलेजची मुलं बसवून सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या, रकान्यांत. नाव, गाव, आगमन, प्रस्थान, सोबत, कारण, खोली. मी दिल्लीच्या एका कंपनीचं असलंच काम घरून करते, हे बर्वे काकांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "मृणाल, असं काहीतरी कर की लोकांनी मोबाइलवर मराठीत विचारावं आणि मशीनने मराठीत सांगावं. कार्तिकी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी उद्‌घाटन ठेवलंय."

उद्‌घाटन आधी ठरतं आणि काम नंतर, ही आमच्या ट्रस्टची जुनी पद्धत. मी हो म्हटलं.

पहिल्यांदा मी रकानेच्या रकाने मशीनपुढे ओतले. मशीन भांबावलं. एकाने विचारलं, 'आमच्या पणजोबांना किती मुलं होती?' मशीनने सांगितलं, 'तीन.' तो खोलीचा नंबर होता. रकान्यातल्या नुसत्या 'तीन'ला स्वतःची ओळख नसते. म्हणून या धंद्यात आम्ही प्रत्येक ओळीचं वाक्य करून घेतो. 'अमुक गावचे अमुक हे अमुक कारणासाठी आले आणि खोली क्रमांक तीनमध्ये उतरले.' मग कोणी काहीही विचारलं तरी मशीनला नेमकं वाक्य सापडतं, आणि वाक्यातच सगळं असतं.

हे मी एका सकाळी नानांना सहज सांगितलं. नाना खिडकीपासून जिन्यापर्यंत निघाले होते ते मध्येच थांबले.

"मतलब तुम्ही वाक्याला शिदोरी बांधता."

"तसंच म्हणा."

"आणि त्याचा तुला पगार देतात?"

दुसऱ्या दिवसापासून ते माझे बिनपगारी, बिनबोलावलेले आणि बिनथांबणारे साहाय्यक झाले. मी वाक्यांचे साचे करायचे, मशीन त्यांत हजारो ओळी भरायचं, आणि नाना त्या छापील कागदांवर लाल पेन घेऊन चालायचे. चालायचे म्हणजे खरोखरच. वाचत वाचत पंचगंगा घाटापर्यंत उतरायचे, परत चढून यायचे, आणि सकाळी सातला माझ्या खिडकीखाली उभं राहून हाक मारायचे, "मृणाल, ओळ चारशे सात. 'ते आले.' ते कोण? मागच्या ओळीतले की पुढच्या?" अख्ख्या गल्लीला आता ओळ चारशे सात माहीत आहे.

दुरुस्त्या लिहायला त्यांच्याकडे जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या असतात, जाकिटाच्या चारी खिशांत. एकदा पंचगंगेच्या पायऱ्यांवर एका माकडाने त्यातला एक गठ्ठा लांबवला. नाना पायरी-पायरी त्याच्या मागे फिरले. शेवटी माकडाने एक चिठ्ठी चाखून बाकीच्या टाकून दिल्या. नाना धापा टाकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "नाशिकच्या जोशींची एक नोंद पंचगंगा घाटावरच्या एका माकडाने आज सकाळी खाल्ली, ती पुन्हा लिहावी लागेल." हेही पूर्ण वाक्यात.

मी कितीदा चिडले असेन. एका वाक्यावर ते अर्धा तास घालवायचे. मी म्हणायची, "नाना, असल्या साडेअकरा हजार ओळी आहेत." ते म्हणायचे, "आणि विचारणारा एक आहे, त्याची ओळ एकच आहे." चीड आणणारी गोष्ट ही की ते बरोबर असायचे.

मग साताऱ्याचं प्रकरण झालं.

बर्वे काकांना दम निघेना. मशीन चाचणीत असतानाच त्यांनी त्याचा मोबाइल नंबर महाराष्ट्रभरच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर पाठवून दिला. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, 'माझे वडील तरुणपणी काशीला येऊन गेले, त्याची नोंद आहे का?' नोंद होती. फक्त प्रस्थानाचा रकाना रिकामा होता. मी साचा करताना रिकाम्या रकान्यासाठी लिहून ठेवलं होतं, 'ते येथून परत गेले नाहीत.' आता काशीला आलेला माणूस परत गेला नाही याचा अर्थ मशीन कुठून तरी शिकलेलं. त्याने साताऱ्याला कळवलं की आपल्या वडिलांना काशीलाभ झाला, ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो.

साताऱ्याहून उलटा निरोप आला. 'वडील माझ्यासमोर बसून पोहे खात आहेत. त्यांना काय सांगू?'

बर्वे काका डोकं धरून बसले. मला लाजही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं. नाना मात्र हसले नाहीत. खोलीत तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे, मृणाल. रिकामा रकाना म्हणजे लिहिणाऱ्याने लिहिलं नाही, बस. का नाही लिहिलं, ते त्यालाच विचारलं पाहिजे."

"तो कधीच वर गेला असेल. मी असं करते, रिकामं असेल तिथं मशीन काहीच बोलणार नाही."

"गप्प बसलेलं पण लोक ऐकतात गं," नाना म्हणाले. "प्रस्थान रिकामं आहे अशा सगळ्या ओळी मला छापून दे. मूळ वह्या मी बघतो."

उद्‌घाटनाला आठ दिवस होते. बर्वे काकांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. पण नाना ऐकतात थोडेच. दुसऱ्या दिवसापासून वही काखेत, कागद हातात, आणि गल्लीतून येरझाऱ्या. धर्मशाळेची वही एके काळी नानांचे वडील लिहीत, नंतर ड्यूटी सांभाळून नानाच लिहीत, त्यामुळे कोणतं अक्षर कोणाचं हे त्यांना पाठ. "हा कारकून आळशी होता, याचं प्रस्थान कधीच नसायचं. ही मंडळी पहाटेच निघून गेली. आणि या आजी खरंच इथंच गेल्या, मणिकर्णिकेला मी होतो." एकेक चिठ्ठी माझ्या टेबलावर येत राहिली.

एक ओळ मात्र ते दर वेळी ओलांडत. नऊशे बारा. मी आठवण केली की म्हणायचे, "ती नंतर." पुढच्या दिवशी विचारलं तर, "ती नंतर म्हटलं ना." नानांच्या तोंडी इतकी आखूड वाक्यं मी कधी ऐकली नव्हती. पण कामाच्या घाईत मी ते सोडून दिलं.

लोकांनी काय विचारलं आणि मशीनने काय सांगितलं, याची यादी मी रोज सकाळी वाचते. नाना खुर्चीमागे उभे राहून ऐकतात. त्या गुरुवारी मी वाचत होते, आणि यादीत पुण्याची एक अनुजा म्हणून बाई आली.

तिने विचारलं होतं, 'माझे वडील वसंत दामोदर सप्रे बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्या धर्मशाळेत उतरले होते. नोंद आहे का? आणि तिथं त्यांचं कुणी होतं का? ते नीट सांगत नाहीत.'

मशीनने उत्तर दिलं होतं, 'वसंत दामोदर सप्रे हे पुण्याचे रहिवासी होते. ते मातृश्राद्धासाठी आले आणि खोली क्रमांक सहामध्ये उतरले. त्यांच्यासोबत कोणी नव्हते.'

'सोबत' हा रकाना रिकामा होता. प्रस्थानाचा साचा मी सुधारला, या रकान्याचा राहून गेला होता. ओळ नऊशे बारा.

"सप्रे?" मी वळून म्हटलं. "नाना, हे तुमच्यातले कोणी?"

नाना खुर्चीत बसले. मी त्यांना माझ्या घरात पहिल्यांदा बसलेलं पाहिलं, आणि घाबरले.

"वसंता माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, सगळं जागच्या जागी ठेवत, पण फार हळू.

वसंता नोकरीला पुण्याला गेलेला. वडील आधीच गेले होते. आई आजारी पडली तेव्हा नानांनी तार केली. 'आई आजारी. सुट्टी मिळाल्यास ये.' आई यातून वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तारेत नव्हतं. पोरगा इतका लांब, घाबरून जाईल, असं नानांना वाटलं. वसंताला वाटलं साधा ताप असेल, त्याने पुढच्या आठवड्याची सुट्टी मागितली. तो पोहोचला तेव्हा आईचा दहावा दिवस होता. घाटावरच, सगळ्यांसमोर, तो नानांना म्हणाला, "तू पुरतं का नाही कळवलंस?" आणि नाना म्हणाले, "तुला समजायला पाहिजे होतं." बस. त्या दोन वाक्यांवर बोलणं बंद झालं.

"पुढच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला तो आला," नाना म्हणाले, "आणि धर्मशाळेत उतरायला आला. घर समोर, वीस पावलांवर. वही माझ्यासमोर होती. मी मान वर केली नाही. मी विचारलं, नाव? तो म्हणाला, वसंत दामोदर सप्रे. मी विचारलं, गाव? तो म्हणाला, पुणे. कारण? मातृश्राद्ध. सोबत? त्यावर तो काहीच बोलला नाही. मी तो रकाना तसाच सोडला. खोली सहाची किल्ली दिली."

मी यादी बाजूला ठेवली.

"दुसऱ्या दिवशी पंचगंगेवर आम्ही दोघांनी एकाच आईचं श्राद्ध केलं. मध्ये दहा पायऱ्या असतील. भटजी वेगळे. आणि परतीच्या दिवशी मी पूछताछवर ड्यूटीला होतो. त्याची गाडी चाळीस मिनिटं लेट होती. ती लेट आहे हे मी सकाळभर लोकांना सांगत होतो. पुण्याकडे जाणारी गाडी चाळीस मिनिटं उशिरा, फलाट क्रमांक पाच. वीस तरी लोकांना सांगितलं असेल. उठून पाच नंबरवर गेलो नाही."

"आणि प्रस्थान?"

"मी त्याला जाताना पाहिलं नाही. पाहिलं नाही ते वहीत कसं लिहायचं?"

मला रडू आलं आणि त्याच दमात त्यांचा रागही आला. साऱ्या दुनियेच्या वाक्यांना शिदोऱ्या बांधत फिरणारा हा माणूस सख्ख्या भावाशी रकान्यांत बोलला होता, आणि त्यावर आयुष्य काढलं होतं.

नाना उठले. खिशातून एक चिठ्ठी काढली, ती पुरली नाही, म्हणून कॅलेंडरचं पूर्ण पान मागितलं. उभ्यानेच, माझ्या फ्रिजवर कागद ठेवून लिहिलं आणि माझ्या हातात दिलं.

'वसंत दामोदर सप्रे हे मूळचे काशीचेच, बालाजी घाटावरच्या याच गल्लीत जन्मलेले असून नोकरीमुळे पुण्याला राहत, ते आपल्या आईच्या वर्षश्राद्धासाठी आले तेव्हा या धर्मशाळेत खोली क्रमांक सहामध्ये उतरले, खोलीत त्यांच्यासोबत कोणी नव्हते, परंतु त्यांचे थोरले भाऊ दिनकर हे समोरच्याच घरात राहत होते, ही नोंद दिनकर यांनीच लिहिली आणि भावाला घरी चल असे म्हटले नाही, ही चूक दिनकर यांची आहे, आणि दिनकर अजूनही त्याच घरात राहतात.'

"हे भर," ते म्हणाले. "नऊशे बारा."

मी भरलं. त्याच दुपारी 'सोबत'चा साचाही दुरुस्त केला. आता कोणीही वसंत सप्र्यांबद्दल विचारलं असतं तर मशीनने हे सांगितलं असतं. पण विचारायला हवं ना. अनुजाला तिचं उत्तर मिळून चुकलं होतं. तिथं वडिलांचं कोणी नव्हतं, हे वाचून तिने फोन बाजूला ठेवला असणार. मिळालेलं उत्तर बदललं का, हे बघायला कोण परत येतं?

शुक्रवारी नाना सकाळी साडेसहालाच आले. "आजच्या यादीत पुण्याहून कोणी विचारलं का?" कोणी नव्हतं. अकराला आले, चारला आले. शनिवारी तर ते आमच्या जिन्यातच फिरत होते, वर-खाली, वर-खाली, शेजारणीने विचारलं की नानांचं काही हरवलंय का. त्यांना धड खाता येईना, घाटावर जाऊन मध्येच परत फिरत. उद्‌घाटन दुसऱ्या दिवशी होतं, आणि बर्वे काका हार कोणाला आधी घालायचा या चिंतेत होते. मला त्या हारांचं काही पडलेलं नव्हतं.

"तिचा नंबर समोर आहे, नाना. फोन करा."

"पूछताछ स्वतःहून कोणाला हाक मारत नाही," नाना म्हणाले. "विचारलं तर सांगायचं. खिडकीचा कायदा आहे तो."

"आणि तुम्ही चुकीचा फलाट सांगितला असेल तर?"

ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबले.

"माणूस तिकडे तीन नंबरवर उभाय," मी म्हटलं, "आणि गाडी पाचवर लागलीये. तुम्हाला कळलंय. तरी तुम्ही जाळीमागे बसून राहणार, त्याने परत विचारायची वाट बघत?"

नानांनी कठडा धरला. मग म्हणाले, "तेव्हा अनाउन्समेंट करावी लागते." आणि थोड्या वेळाने, "दोनदा करावी लागते."

मी वर जाऊन अनुजाला संदेश पाठवला. 'आपल्या प्रश्नाचं परवा दिलेलं उत्तर चुकीचं होतं. बरोबर उत्तर पुढीलप्रमाणे.' खाली नानांचं वाक्य, जसंच्या तसं. नाना माझ्या मागे उभे होते. "दोनदा," ते म्हणाले. मी दोनदा पाठवलं.

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. नाना घरी गेले नाहीत. माझ्या मुलीने त्यांना खिचडी वाढली, ती त्यांनी खिडकीपाशी उभ्याने खाल्ली, आणि काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं.

दिवे लागायच्या वेळी उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं.

'मी अनुजा. बाबांना वाचून दाखवलं. ते सांगतात ते तसंच लिहिते. मी वसंत दामोदर सप्रे, मुक्काम पुणे, सांगतो की त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं लेट आहे हे मला माहीत होतं, तरी ते विचारायला मी पूछताछच्या रांगेत उभा राहिलो. पुढं चार माणसं उरली, दादाचा आवाज ऐकू यायला लागला, आणि मी रांग सोडली. ही चूक माझी.'

नाना खिडकीतून बाहेर बघत होते. समोर धर्मशाळेच्या दारावर बर्वे काका झेंडूची तोरणं बांधून घेत होते.

"चार माणसं," नाना म्हणाले. "मतलब फार तर पाच मिनिटं."

फोन पुन्हा वाजला. 'बाबा विचारतायत, पुण्याहून बनारसला यायला कोणती गाडी बरी?'

मी फोन नानांच्या हातात दिला आणि बाजूला सरकले. हा प्रश्न म्हणजे त्यांची अख्खी हयात होती. आता गाडीचं नाव येणार, नंबर येणार, वार येणार, कुठं किती थांबते, कोणता डबा सावलीत येतो, गुडघे दुखत असतील तर कोणता बर्थ घ्यावा, सगळं येणार. मी स्टूल ओढून आरामात बसले.

नानांनी एका बोटाने, चष्मा वर-खाली करत, खूप वेळ टाइप केलं. मग फोन परत दिला. पाठवून झालं होतं.

'कुठलीही. ये.'

"नाना," मी म्हटलं, "आणि वाक्याला शिदोरी?"

"कशाला?" नाना जिन्याकडे निघाले होते, ते न थांबताच म्हणाले. "जेवायला तो घरीच येतोय."